डब्यातला पाना

मावशी काहीच टाकत नसत. घरी दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर वाळत. सून हसून म्हणे, "आईंच्या हातात पडलेल्या वस्तूला मरण नाही." मावशींना ते कौतुकच वाटे.

हॉस्पिटलातही तेच. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, वाफेच्या यंत्रात घालायची, वेळेला डॉक्टरांच्या हातात द्यायची. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या. पेसमेकरच्या पेटीत बोटभर लांबीचा एक निळा प्लास्टिकचा पाना येतो. हृदयाकडे जाणारी तार ज्या इवल्याशा स्क्रूने धरून ठेवतात, तो याने आवळायचा. पुरेसा आवळला की पाना टक् करतो आणि पुढे नुसताच फिरतो. एकदा वापरायचा आणि फेकायचा. एवढी देखणी वस्तू फेकणं मावशींच्या जिवावर येई. असे चार पाने त्यांनी वाफ देऊन, पाकिटात बंद करून डब्यात ठेवले होते. असू देत अडीअडचणीला.

त्या मंगळवारी अडचण आली. नवा पाना हातातून निसटून फरशीवर पडला. डॉक्टरांनी नजर न उचलता हात पुढे केला. मावशींनी डब्यातला दिला.

टक्.

आवाज लवकर आला. प्लास्टिक वाफेने सैलावलं होतं. डॉक्टरांच्या ध्यानात आलं नाही. मावशींच्या कानाने मात्र अचूक टिपलं. त्या गप्प राहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्या पेशंटबाई, शाळेत शिकवणाऱ्या, व्हरांड्यात चालता चालता कोसळल्या. तार निसटली होती. पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. वाचल्या.

डॉक्टरांनी त्यांच्या नवऱ्यापुढे हात जोडले. चूक माझीच, तार ओढून बघायला हवी होती, म्हणाले. नवरा भला माणूस. त्याने उलट डॉक्टरांचीच समजूत काढली. मग मावशींकडे वळून म्हणाला, तुम्ही आत होतात म्हणून आम्हाला धीर होता. मावशींना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

त्या हत्यारांच्या खोलीत गेल्या. डबा उचलला आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

डॉक्टरांनी डबा उघडला, आत निळ्या पान्यांची तीन पाकिटं होती.

"टक् लवकर झालं होतं," मावशी म्हणाल्या. "मी ऐकलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"डबा दाखवावा लागला असता."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हे त्या दोघांना कळायला हवं, एवढंच म्हणाले. मी येऊ का बरोबर, असंही विचारलं. मावशींनी मान हलवली. नको.

शिक्षिका जाग्या होत्या. मावशींना दारात बघून नवरा लगबगीने उठला आणि त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना, मावशी."

मावशी बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून त्यांनी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली.