पाहुणेसरांची पंगत

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. पाहुणेसरांचं नाव निघालं की लोक म्हणतात, "नांदेडच्या पोरांना पोळ्या चारून जिंकणारा तोच मास्तर ना?" आणि हसतात. मीही हसत आलो. आता सत्तरी ओलांडली. त्या पोळ्या मी वाढल्या होत्या.

सर औशाच्या आमच्या शाळेत फुटबॉल शिकवत. मी त्यांच्या हाताखालचा नवा मास्तर. समोरच्या संघाला ते कधी विरोधी म्हणाले नाहीत. "पाहुणे आले का?" एवढंच विचारत. सामन्याच्या दिवशी आमच्या पोरांनी आधी पाहुण्यांच्या बुटांच्या नाड्या तपासायच्या, मग स्वतःच्या. गोल केला की नाचायचं नाही, त्यांच्या गोलकीपरजवळ जाऊन "लागलं तर न्हाई ना?" असं विचारायचं. एकदा आमच्या एका पोरानं चुकून आपल्याच जाळ्यात गोल मारला आणि शिस्तीत आपल्याच गोलकीपरची चौकशी केली. सरांनी त्याची पाठ थोपटली.

त्या वर्षी दुष्काळ होता. मैदानाच्या रेषा राखेनं आखलेल्या. वारा सुटला की कोपरे सरकायचे. पोरं घरून एकेक तांब्या पाणी आणत, पहिला घोट पाहुण्यांचा. आणि सरांचा एक नियम पक्का होता: "महत्त्वाचं काम रिकाम्या पोटी. जेवण खेळल्यावर. भरल्या पोटी माणूस फकस्त झोपतो."

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याचा पहिला सामना नांदेडशी, आमच्या मैदानावर, आमच्याच पोरांनी खेळायचा. जिंकलात तर जिल्ह्याच्या संघाचे प्रशिक्षक तुम्हीच, असं क्रीडा खात्याचे साहेब सरांना बोलून गेले होते. ते पद सरांना मिळावं म्हणून माझाच जीव जास्त वरखाली होत होता. नांदेडची पोरं ट्रकमधून उतरली, त्यांचे बूट पाहूनच आमचा गोलकीपर लघवीला पळाला.

सर पंचांना आणायला लातूरला गेलेले. एका आडत दुकानदारानं नव्या जिल्ह्याच्या खुशीत डाळ-गूळ दिला होता; पुरणपोळ्या सामन्यानंतरसाठी होत होत्या. मी पंगत आधीच मांडली. "घ्या की हो, लाजून राहिले का? नांदेडला मिळत न्हाई का असं?" म्हटलं की पोरगं इरेला पेटून आणखी दोन खायचं.

सर आले तेव्हा अख्खा संघ कडुलिंबाखाली आडवा.

"हे काय मास्तर?"

"पोळ्या निवून राहिल्या होत्या, सर."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाह्या सारल्या. "मग आपली पोरं बी बसवा. पाहुण्यांइतकंच वाढा. एक पोळी कमी न्हाई."

तो सामना कसला, शतपावली होती. चेंडू समोर आला की पोरं एकमेकांना "तूच घे" म्हणत. शेवटी तो घरंगळत नांदेडच्या जाळ्यात गेला. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून झोपला होता. आमच्या पोरानं त्याला हलवून विचारलं, "लागलं तर न्हाई ना?"

तो डोळे न उघडता म्हणाला, "नको, वाढू नका आता."

आम्ही जिंकलो. नांदेडच्या मास्तरांनी तक्रार केली. साहेबांनी जाब विचारला तेव्हा मी खाली पाहिलं आणि सर म्हणाले, "पंगत माझी. निकाल त्यांना द्या." निकाल गेला, पद गेलं. पुढं ते पद मला मिळालं. मी नको म्हणालो नाही. गळ्यातली शिट्टी माझ्या हातात देत सर म्हणाले, "पाहुण्यांकडं लक्ष ठेवा, मास्तर."

निवृत्तीनंतर ते नायगावला मुलीकडे राहिले. फार उशिरा मी माफी मागायला गेलो. एसटीत वाक्य घोळवत होतो. ओट्यावर पाय ठेवला तोच सर आत बघून ओरडले, "पाहुणे आले, पान वाढा!"

"सर, मला एक बोलायचंय..."

"आधी जेवा हो."

पानात पुरणपोळी. मी हात आडवा धरला, तर बोटांच्या फटींतून त्यांनी तूप सोडलं. तोंड उघडलं की पोळी पडायची. "घ्या की. लाजून राहिले का? औशाला मिळत न्हाई का असं?"

माझेच शब्द होते ते. सर तुपाची वाटी घेऊन गालात हसत होते.

जेवून मी तिथंच बाजेवर झोपलो. जाग आली तेव्हा शेवटची गाडी निघायची वेळ. सर स्टँडवर पोचवायला आले, वाकून माझ्या बुटांच्या नाड्या पाहिल्या. मला ढेकर आला, वाक्य आलं नाही.

पुढच्या खेपेला मी सरांच्या नियमानं रिकाम्या पोटी गेलो. पोचलो तर सरांचं तेरावं. पंगत बसली होती. मुलगी म्हणाली, "काका, आधी जेवून घ्या."

मी बसलो. वाक्य तेवढं अजून माझ्याजवळच आहे.