तेलापुढे काढलेली जीभ

चर्चमध्ये आजाऱ्यांसाठीच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, मी फिलोमेनाला, म्हणजे बायकोला, कोपराला धरून वेदीपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी तिचं पित्ताशयातले खडे काढायचं ऑपरेशन होतं. फादर समोर आले आणि मी सवयीने डोळे मिटून जीभ बाहेर काढली. दर रविवारी जिभेवर ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकरीची चकती, ठेवतात. आज मात्र फादरांच्या अंगठ्यावर आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल होतं.

"जीभ आत घ्या, कपाळ पुढे करा," फादर कुजबुजले.

मी धडधाकट आहे हे सांगेपर्यंत कपाळावर क्रूस उमटला, मग दोन्ही तळहातांवर. नंतर फिलोमेनाच्या. बाकावर तळहात उताणे ठेवून बसलो. पुसावेत तर पाप, ठेवावेत तर लबाडी! देवाचा स्पर्श चुकून झाला, तर तो परत करता येतो का? की चुका फक्त आपल्याच असतात? सकाळपासून थरथरणारे माझे हात तर आता मांडीवर शांत पडले होते.

घरी जाताना कबूल केलं, "अगं, तुझं तेल मीही घेतलं."

"बरं झालं घेतलंत. मला नुसते खडे झालेत, भीतीनं आजारी तुम्हीच आहात."