काशीला सोडलेली सिगारेट

माझ्या नवऱ्याने सिगारेट सोडली ती काशीला, घाटावर, गुडघाभर पाण्यात उभं राहून. माझ्यासाठी सोडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कडवट बोलले तर कुणी दचकायला नको.

सासूबाई गेल्या, आणि आपल्या अस्थी काशीला न्याव्यात अशी त्यांची इच्छा होती. आम्ही दोघं इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून गेलो, माझी नणंद पुण्याहून आली. विधी आटोपल्यावर गुरुजींनी विचारलं, आता काय सोडणार? काशीला गेलं की आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची ही आपल्याकडची जुनी रीत, आणि त्यातून पळवाट काढायची ही बहुधा तिच्याहूनही जुनी. लोक कारलं सोडतात. माझ्या नणंदेने फणस सोडला. फणसाच्या वासानेसुद्धा तिला लहानपणापासून मळमळतं. मला कुणी विचारलंच नाही, कारण मी वरच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखत उभी होते. नवऱ्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "सिगारेट."

नणंद त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. गुरुजींनीसुद्धा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांना दिवसभर कारली आणि फणसच ऐकायची सवय असणार. मीही रडले. सगळ्यांना वाटलं सासूबाईंसाठी. त्यांच्यासाठी माझं आधीच रडून झालं होतं. हे रडणं रागाचं होतं.

मला दमा आहे. लग्नाआधी तो नावापुरता होता, इथल्या ओल्या थंडीत वाढला, आणि बाकीचं काम नवऱ्याच्या धुराने केलं. मुलगी पोटात होती तेव्हा मी त्याला सिगारेट सोड म्हणाले. तो म्हणाला, नक्की, बाळ झालं की. बाळ झालं, शाळेत गेलं, लीड्सला कॉलेजात गेलं. मधल्या काळात जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दिलेल्या निकोटीनच्या पट्ट्या झाल्या, च्युइंगम झालं, सिगारेट सोडवणाऱ्या कौन्सिलच्या कुठल्याशा वर्गाला दोनदा जाऊन येणं झालं. एका हिवाळ्यात छातीत इन्फेक्शन होऊन मी हॉस्पिटलात होते. तेव्हा माझा हात हातात घेऊन त्याने शपथ घेतली, आणि मी घरी येऊन कपडे धुवायला काढले तर त्याच्या कोटाच्या खिशात पाकीट. एवढ्या वर्षांच्या भांडणांतून मला एकच गोष्ट मिळाली होती. तो घरात ओढायचा नाही. पाऊस असो, बर्फ असो, मागच्या बागेत जाऊन कुंपणापाशी उभा राहायचा. ती माझी सगळी कमाई.

आणि त्या दिवशी घाटावर मिनिटभरात सुटली. जिवंत बायकोला जे मिळालं नाही ते गेलेल्या आईला न मागता मिळालं. सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांचा हेवा करायला मला लाजच वाटायला हवी. पण वाटला, आणि अजून वाटतो.

तरी परत आल्यावर मी सगळं विसरायचं ठरवलं. कारण काही का असेना, सुटली होती. आईसाठी तर आईसाठी, आपल्याला आंबे खाण्याशी मतलब. मी त्याच्या डब्यात भाजलेली बडीशेप द्यायला लागले. तो चिडचिड करायचा, मी ऐकून घ्यायची. चहा झाला की त्याचा हात शर्टच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा, ते बघून मलाच भरून यायचं. कामावरून आला की ड्राइव्हवेवर गाडीतच बसून राहायचा. आईची आठवण येत असणार हे मला कळत होतं. सिगारेटची जास्त येत असणार हेही कळत होतं. पण त्या दिवसांत मी पायऱ्या चढताना इन्हेलर काढायची विसरायला लागले होते, आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

मग एका शनिवारी त्याने जेवता जेवता विषय काढला. त्याचं काम सॉफ्टवेअरचं. ग्राहकाने काय मागितलं आणि कागदावर काय लिहिलंय यातला फरक शोधणं हे त्याचं पोट. तेच डोकं त्याने इथे चालवलं. म्हणाला, मी सिगारेट सोडली, निकोटीन सोडलेलं नाही. व्हेप म्हणून बॅटरीवरचं यंत्र मिळतं, त्यात तंबाखू नसते, काही जळत नाही, राख नाही, धूर नाही, नुसती वाफ. म्हणजे शब्दाला शब्द धरला तर व्रत मोडत नाही.

मी म्हटलं, साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास करतात तसं का? एकादशी, दुप्पट खाशी.

त्याला ते लागलं. मग खरं काय ते बोलला. नाहीतर मी परत ओढायला लागेन गं, म्हणाला. परवा ऑफिसबाहेर एका माणसाच्या मागे मी नुसता चालत गेलो, वासासाठी. हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. त्याचं खोटं मी कपड्याच्या वासावरून ओळखते, आणि हे खोटं नव्हतं.

मला भीती वाटली. दम्याच्या तपासणीला गेले होते तेव्हा नर्स म्हणाली होती की माणसाला सुटतच नसेल तर सिगारेटपेक्षा व्हेप बरं. फक्त घरात दमा असलेलं कुणी असेल तर त्याच्या आसपास तेही ओढू नये. मी हिशेब केला. सिगारेट परत येण्यापेक्षा हे यंत्र बागेत कुंपणापाशी उभं राहिलं तर काय बिघडलं. मी म्हटलं, बरं, जा आणि घेऊन ये.

तर म्हणतो, मी कसा जाऊ? मी स्वतः दुकानात जाऊन मागितलं तर ते मोडल्यासारखं होईल. दुसऱ्याने आणून हातावर ठेवलं तर गोष्ट वेगळी. प्रसाद हातावर ठेवला तर उपास मोडत नाही.

इथे मी उठून ताट उचलायला हवं होतं आणि विषय तिथेच बुडवायला हवा होता. पण मला माझा श्वास प्यारा होता, म्हणून मी गेले. जाण्याआधी मुलीचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, तिच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग एकाच पंगतीला बसतात, पण मुद्दा तिला बरोबर कळतो. "आई, पण तू का जातोस शॉपमध्ये? बाबाला पाय नाही का?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तिला कळलं होतं.

दुकान एका छोट्या रांगेत होतं, एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला फिश अँड चिप्स. आयुष्यात सिगारेट कधी ओठाला लावली नाही ती मी, भिंतभर रंगीबेरंगी बाटल्यांसमोर उभी. काउंटरवर माझ्याच वयाची बाई होती, बोलकी. तिने आधी विचारलं, तुमच्यासाठी का? मी म्हटलं, नवऱ्यासाठी. ती म्हणाली, मग तेच आले तर बरं, पहिलं व्हेप ज्याचं त्याने निवडावं, नाहीतर ड्रॉवरमध्ये पडून राहतं. मी सांगितलं, त्याला वेळ नाही. काशी आणि घाट तिला कुठून समजावणार!

मग तिने प्रश्न सुरू केले. दिवसाला किती ओढायचे? सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागायची? लांब आणि हळू ओढायचे की घाईघाईने? ऑफिसात जास्त की घरी? मला प्रत्येक उत्तर पाठ होतं. पहिली चहाच्या आधी, दाढी करायच्याही आधी. घाईघाईने, जणू कुणी काढून घेणार आहे अशी. फोनवर बहिणीशी बोलताना एक जास्त. ती बाई हसून म्हणाली, किती लक्ष असतं हो तुमचं त्यांच्याकडे, नशीबवान आहेत. मी पण हसले. दुसरं काय करणार.

तिने समजावलं की ओढून फेकून द्यायच्या कांड्यांवर आता बंदी आहे, आणि नवशिक्याने उगाच मोठ्या ढगांच्या यंत्राच्या मागे लागू नये. छोटं, चार्ज करायचं, सिगारेटसारखंच ओढता येईल असं घ्यावं. सुरुवातीला निकोटीन कमी घेतलं तर माणूस दोन दिवसांत सिगारेटकडे पळतो, म्हणून तिने जास्तीत जास्त ताकदीचं द्रव दिलं. ते मला पटलं. राहिला स्वाद. तंबाखूचा स्वाद नको अशी मला घरून ताकीद होती, कारण मग ती सिगारेटच झाली म्हणे. मेंथॉलने माझी छाती आवळते. उरलेल्यातून मी व्हॅनिला कस्टर्ड घेतलं. निदान वास तरी घरचा वाटेल, असं माझ्या मनात आलं. म्हणजे मीही मनातल्या मनात ते यंत्र घरात आणूनच ठेवलं होतं.

ते घरात आलंच. पहिले दोन-तीन दिवस तो इमानाने बागेत गेला. मग एकदा पाऊस होता. मग एकदा टीव्हीवर मॅच होती. मी हटकलं तर म्हणाला, अगं वाफ आहे ही, कस्टर्डची. तूच तर आणलीस. सिगारेट विझते तरी. हे कधी विझत नाही, खिशात पडून असतं आणि मनात येईल तेव्हा बाहेर निघतं. इमेल वाचताना एक झुरका, भाजी चिरून देताना एक झुरका. सोफा, पडदे, देवघरातलं वस्त्र, सगळ्याला गोड वास यायला लागला. एवढी वर्षं भांडून मी धूर दाराबाहेर काढला होता. तो काशीला जाऊन, पवित्र होऊन, माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला.

माझा खोकला परत सुरू झाला. नर्सने सांगितलेलं मी त्याला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तो म्हणायचा, उद्यापासून बाहेर. तो हे म्हणताना लबाडी करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटायचं, आणि उद्या आला की खरंच वाटेनासं व्हायचं. इन्हेलर पुन्हा ओट्यावर, उशाशी आणि पर्समध्ये असा तीन ठिकाणी गेला.

रविवारी दुपारी नणंदेचा व्हिडिओ कॉल असतो. सासूबाई गेल्यापासून बहीण-भाऊ जास्तच धरून आहेत, आणि मला त्याचं कौतुकही आहे. त्या रविवारी मी त्याच्या शेजारीच बसले होते. आईच्या वर्षश्राद्धाचं बोलणं चाललं होतं. बोलता बोलता त्याने सवयीने ते खिशातून काढलं, ओढलं, आणि पडद्यावर पांढरा ढग पसरला.

मग नणंद हळूच म्हणाली, "दादा, हे काय?"

मला वाटलं, आता सापडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, बायकोचं ऐकलं नाही, निदान बहिणीसमोर तरी लाजेल. शब्दाला शब्द धरायचं ते त्याचं वकिली गणित तिला सांगून दाखव म्हणावं.

त्याने ते खाली ठेवलं, माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाला, "सिगारेट नाही गं ही. हिने आणून दिलीय. मी कुठे गेलो होतो आणायला?"

त्याने हे चोरट्या आवाजातसुद्धा म्हटलं नाही. अगदी सहज, घरात साखर कुणी आणली सांगावं तसं. मला दुकानात का पाठवलं होतं ते तेव्हा मला पुरतं कळलं. त्याच्या व्रताला भोक पडलं तर ते माझ्या हाताने पडलेलं हवं होतं. कदाचित हे त्याचं त्यालाही माहीत नसेल. खापर फोडायला डोकं लागतं, आणि घरात माझं होतं.

नणंदेचा चेहरा पडला. म्हणाली, "वहिनी, आईसाठी सोडली होती हो त्याने. आपल्याकडे तर त्या वस्तूवर बंदी आहे. सरकार काय उगाच बंदी घालतं? तुम्ही तरी विचार करायचा." सिगारेटचं पाकीट तिच्या घराखालच्या टपरीवर दिवसभर मिळतं, हे मी तिला सांगितलं नाही. तिच्यासाठी हिशेब सरळ होता. भावाने आईला वचन दिलं, आणि परक्या घरातून आलेल्या बाईने ते बाजारातून बंदीची वस्तू आणून मोडलं.

मला खोकला आला. खोकून झाल्यावर मी बोलले. एरवी मी त्याला अरे-तुरे करते, पण त्याच्या माणसांसमोर अहो-जाहो. त्या वेळीही तेच तोंडून निघालं.

"अहो, आईंसाठी तुम्ही एवढी मोठी गोष्ट सोडलीत. मी गेल्यावर माझ्यासाठी काय सोडाल, तेवढं आत्ताच सोडा ना. मला ते बघायचंय."

मी त्याच्याकडे बघत होते. क्षणभर त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, घाटावर हललं होतं तसंच, आणि मला वाटलं, आता. आता म्हणेल.

तो हसला. माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "तू कुठे जातेस एवढ्यात?"

नणंदही हसली. हुश्श करून म्हणाली, बघा वहिनी, किती जीव आहे दादाचा तुमच्यावर. मग दोघं वर्षश्राद्धाला किती ब्राह्मण सांगायचे याकडे वळले. त्याने यंत्र पुन्हा उचललं. मला उत्तर द्यायचं होतं, चांगलं तिखट उत्तर तयारही होतं, पण तेवढा श्वास नव्हता.