कमानीबाहेरून मोजलेली दीपमाळ

"तू हितंच थांब. आतलं आकडं आम्ही सांगतो, तू लिहून घे."

देवळाच्या दगडी कमानीखाली उभं राहून गणिताचे सर मला म्हणाले. निपाणीजवळचं आमचं गाव. दहावीचा वर्ग दीपमाळेची उंची मोजायला गेला होता. सगळी पोरं आत गेली. दलित वस्तीतली मी एकटीच, म्हणून मी बाहेर. आमच्या माणसांनी कमान ओलांडायची नाही, ही गावाची रीत. रागावून कुणी सांगत नाही. इतकं सहज सांगतात की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. मला तसं वाटलं होतं. त्याची लाज आजही वाटते.

आत त्यांनी दीपमाळेच्या पायापासून तीस फूट टेप धरली. कोनमापकाला नळी आणि दोऱ्यानं खडा बांधलेला. नळीतून शेंडा बघितला, कोन आला पंचेचाळीस अंश. म्हणजे उंचीही तीस फूट. "लिही," सर म्हणाले.

मी लिहिलं नाही. कोनमापक माझ्याकडंही होता, पण पायापर्यंत जायची परवानगी नव्हती. पुस्तकातलं नदीपलीकडच्या झाडाचं गणित आठवलं. पायापाशी जाता येत नसेल तर दोन जागांवरून कोन घ्यायचे. कमानीपाशी तीस अंश आला. सरळ मागं सरकत गेले, वीस अंश येईपर्यंत. मधलं अंतर पट्टी आणि सुतळीनं मोजलं, साडेतीस फूट. सूत्र मांडलं. माझे डोळे जमिनीपासून साडेचार फुटांवर, तेही मिळवले. उत्तर आलं साडेचौतीस.

सरांनी वही दोनदा वाचली. मग आत बघून म्हणाले, "डोळ्याची उंची धरलीच न्हाय की रं तुम्ही." आणि माझ्याकडं वळून हसले. "बघ, भायेर राहिलीस म्हणून ही रीत सुचली. लई बेस झालं."

पोरं हसली. शाबासकी होती ती. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

"सर," मी म्हटलं, "ही रीत मधी नदी असली तर. हितं नदी कुठं हाय?"

मी कमान ओलांडली. पुजारी आप्पा उठले, "ए पोरी, भायेर हो." तरी टेपचं टोक उचललं आणि पायाच्या दगडाला टेकवलं. दगड उन्हानं तापला होता.

त्या संध्याकाळी वडिलांना पंचांपुढं उभं केलं. आईनं मला मारलं, भीतीपोटी. सरांनी वर्षभर माझी वही तपासली नाही.

आता त्याच शाळेत मी गणित शिकवते. उद्या माझा वर्ग दीपमाळेकडं जाणार आहे. देवळाच्या कमिटीचा निरोप आलाय, "बाई, वस्तीतल्या पोरी भायेर ठेवा." पण टेपचं शून्याचं टोक कुणाच्या हातात द्यायचं ते ठरलंय. वस्तीतल्या तिन्ही पोरींना मी नावं घेऊन सांगितलंय, कमानीतून पुढं तुम्ही. ते टोक पायाला टेकेपर्यंत कुणालाही कोन घेऊ देणार नाही.