दातात धरलेला दोरा

भुवया कोरणाऱ्या बाईला बोलता येत नाही. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि खुर्चीत मान टाकून पडलेलं गिऱ्हाईक मात्र सासूपासून सरकारपर्यंत सगळ्यांची सालं काढत असतं. आपल्या पार्लरवालीने हे ऐकून घेण्यात वर्षानुवर्षं काढली. मूळची ती बोलघेवडी. माहेरी तिला 'रेडिओ' म्हणत. धंद्याने तिचं तोंड बंद केलं, पण पोटातलं कुठून तरी बाहेर पडणारच. ते कादंबरी होऊन पडलं.

कादंबरीही साधीसुधी नव्हे. नाव 'पुनवेचा धनी'. दोनशे वर्षांपूर्वीची गढी, गढीचा देखणा, अबोल सरदार, आणि पौर्णिमेचा चंद्र वर आला की त्याचा होणारा लांडगा. अंगभर केस, सुळे, नखं, सगळं यथासांग. त्याच्यावर जीव जडलेली वैद्याची लेक. दिवसभर लोकांच्या अंगावरचे केस उपटणाऱ्या बाईला असलाच नायक का सुचावा, हे तिचं तिलाच ठाऊक. दुपारच्या रिकाम्या वेळात तिने ती मोबाइलवर लिहिली, खोट्या नावाने भाग भाग करून टाकली, वाचकांच्या त्यावर उड्या पडल्या, आणि दूरच्या गावच्या एका प्रकाशकाने तिचं पुस्तक काढलं. घरात कुणाला पत्ता नाही. नवरा शाळेची बस चालवायचा. त्याला वाटायचं, बायको मोबाइलवर केस कापायच्या नव्या तऱ्हा बघतेय.

वाचकांची मतं ती मेण तापत ठेवून चोरून वाचायची. एकीने लिहिलं होतं, 'पौर्णिमेला लांडगा होणारा परवडला, आमच्याकडे रोज सकाळी चहाच्या आधी होतो.' एका गृहस्थांचं म्हणणं, लांडगा इतका सभ्य आहे की शेळ्यांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. एकीने पाचातल्या दोन चांदण्या कापल्या होत्या, कारण काय, तर रात्रभर रडवलं म्हणून. हे सगळं वाचून पार्लरवालीला गुदगुल्या व्हायच्या. पण सगळ्यांत जास्त मतं पडायची ती कोठीच्या प्रकरणावर, आणि ती अर्धवट वाचूनच ती मोबाइल उलटा ठेवायची.

त्या प्रकरणात पौर्णिमेच्या संध्याकाळी सरदार आपल्या पायांनी चालत धान्याच्या कोठीत जातो. आता त्याची बायको झालेली वैद्याची लेक बाहेरून कडी लावते आणि दाराला पाठ टेकून उजाडेपर्यंत त्याला गोष्टी सांगत बसते, आपण माणूस आहोत हे तो विसरू नये म्हणून. 'हे सुचलं कुठून?' असं वाचक विचारायचे. सुचलं नव्हतंच. ते सासूबाईंचं होतं.

सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. डोळ्यांवर पट्टी, उशाशी सून. समोर कोण आहे ते दिसत नसलं की माणूस मोकळं होतं की काय कोण जाणे, पण त्या दुपारी त्या बोलल्या. सासरे हयात असताना घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास एका जागी बसणारा, शब्दाने कुणाला न दुखवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. फक्त महिना-दीड महिन्यातून एखाद्या रात्री त्यांचं डोकं फिरायचं. का, ते डॉक्टरांना कळलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. जेवताना ते गप्प झाले की सासूबाई ओळखायच्या. "मग त्यांना मागच्या खोलीत न्यायचे, कडी लावायचे आणि पहाटेपर्यंत गोष्टी सांगायचे. तेही मुकाट यायचे हो. स्वतःहून यायचे." एवढंच त्या बोलल्या आणि सुनेचा हात चाचपडून घट्ट धरला. "हे माझ्या लेकाच्या कानावर जाता कामा नये. बाप देव आहे त्याचा. देवच राहू दे."

सुनेने शब्द दिला. तो मनापासून दिला होता, हेही सांगायला हवं. पण वर्षभराने कादंबरी नेमकी तिथे अडली. असल्या माणसाजवळ बाई राहील कशी, हे काही केल्या जमेना, आणि एका दुपारी बोटांनीच लिहून टाकलं. मग तिने स्वतःची समजूत घातली. नाव खोटं आहे. नवरा पेपरातल्या क्रिकेटपलीकडे वाचत नाही. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, हिच्या मनात तर बारा महिने पौर्णिमाच होती.

आणि मग मास्तरीणबाई ते पुस्तक घेऊन आल्या.

मास्तरीणबाई म्हणजे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. केसांना रंग लावून तो चढेपर्यंत बसायचं, तर वेळ कसा घालवायचा म्हणून त्या वाचायच्या, आणि मनातल्या मनात वाचायची सवय शाळेनेच मोडलेली. पार्लर घराच्या पुढच्या खोलीत. दाराजवळच्या बाकावर सासूबाई बसलेल्या, कुणाचा नंबर कधी हे तोंडपाठ ठेवून. पहिलं प्रकरण संपलं तसं त्यांनी बाक पुढे ओढला.

"छान लिहिलंय हो. पुढे वाचा."

"छान कसलं? इतिहास कच्चा आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या काळी गढीला काचेच्या खिडक्या? उद्या पंखाही लावेल ही बाई." पण पुढे वाचलंच.

रंग आधीच चढलेला असला तरी मास्तरीणबाई मग रोज दुपारी येऊ लागल्या. बँकेतल्या बाई जेवणाची सुट्टी साधून भुवया करायला यायच्या, त्याही कान देऊन ऐकायच्या. पार्लरवाली मधली पानं मोजू लागली. कोठीचं प्रकरण रोज थोडं थोडं जवळ येत होतं. तिने केस वाळवायचं यंत्र उगीचच मोठ्याने लावून पाहिलं, तर मास्तरीणबाईंनी वर्गातला आवाज काढला. पुस्तक टॉवेलांच्या कपाटात लपवलं, तर दुसऱ्याच दिवशी बँकेतल्या बाईंनी स्वतःची प्रत आणली. शेवटी तिने आपल्याच लेकराला शिव्या घालायचं ठरवलं.

"काय तुम्ही तो कचरा वाचताय? नुसता पाल्हाळ आहे. लांडगा काय, प्रेम काय! लिहिणारीला दुसरा उद्योग नसेल."

"तू कशाला नावं ठेवतेस?" सासूबाई कडाडल्या. "तुला येणार आहे का असं चार ओळी लिहायला?"

सगळ्या हसल्या. पार्लरवालीही हसली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. सांगून टाकावं, असं तिला रोज वाटायचं. रोज संध्याकाळी ती सासूबाईंच्या पलंगाशी जायची, पाय चेपायची, आणि 'उद्या कुणाकुणाचा नंबर आहे?' एवढंच विचारून परत यायची. तिला स्वतःची आई आठवत नव्हती. या घरात आल्यावर केस विंचरून देणारं पहिलं माणूस म्हणजे सासूबाई. त्या बाईने तिला उभ्या जन्मात एकच गोष्ट मागितली होती, गप्प राहण्याची, आणि दिवसभर गप्प राहायची कमाई खाणाऱ्या सुनेला तेवढं जमलं नव्हतं. सासूबाईंना कळलं तर त्या पुन्हा आपल्याशी बोलतील का, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

ज्या दिवशी ते प्रकरण आलं, त्याच दिवशी छतावरचा पंखा कुरकुरू लागला आणि नवरा बसची दुपारची फेरी करून तो बघायला आला. स्टुलावर चढला, मनगटावर बापाचं घड्याळ. खुर्चीत बँकेतल्या बाई डोळे मिटून, डोळ्यावरची कातडी ताणून धरून पडलेल्या. पार्लरवालीने दोरा नुकताच दातात धरला होता. मास्तरीणबाईंनी रंग माखलेलं डोकं सावरलं, चष्मा लावला, आणि सरदार कोठीकडे चालू लागला.

कडी लागली. बायको दाराबाहेर बसली. तिने राजाची गोष्ट सांगितली, मग चिमणीची, मग तीच पुन्हा. आतून नखं ओरबाडल्याचा आवाज येत होता. पार्लरवालीने सासूबाईंकडे पाहिलं नाही. तिला फक्त त्यांचा बाक दिसत होता, आणि बाकाच्या कडेवर घट्ट धरलेली त्यांची बोटं.

"काय पण बाई आहे!" वरून नवऱ्याचा आवाज आला. "असल्या माणसाजवळ राहणारी मूर्खच म्हणायची. आमचे बाबा बघा. जन्मात कधी आवाज चढवला नाही. काय गं आई?"

पार्लरवालीला ओरडावंसं वाटलं. दातात दोरा होता.

"मूर्ख नव्हती ती," सासूबाई म्हणाल्या. "पलीकडच्या खोलीत तिची पोरं झोपलेली असायची."

मास्तरीणबाईंनी पानं चाळली. "पोरं? त्यांना अजून पोरं कुठे झालीत?"

"झाली नाहीत? मग लिहिणारीने तिथेच घोळ घातलाय. आणि कडी बाहेरून लावली म्हणते! कधी ऐकलंय का? बाहेरून कडी लावली तर तो रात्रभर दार बडवेल. पोरं उठतील, शेजारी उठतील. कडी आतून लावायची असते."

"म्हणजे ती आत? त्याच्याबरोबर?"

"मग? ती आत असली की दाराकडे कशाला जाईल तो?"

"अहो, फाडून खाईल की तिला!"

"फाडत नाही," सासूबाई म्हणाल्या. "थोडंफार लागतं. सकाळी तोच औषध लावतो आणि रडतो. ते नाहीच लिहिलेलं यात."

"आई गं!" बँकेतल्या बाई किंचाळल्या. दोरा भलतीकडे ओढला जाऊन तुटला होता.

नवरा खो खो हसत होता. "आई, तू तर घरात लांडगा पाळल्यासारखी बोलतेस!"

"तू पंख्याकडे बघ. पडशील."

मास्तरीणबाईंनी पुस्तक मिटलं. 'असो, कल्पना आहे शेवटी' असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि रंग धुवायला उठल्या. बँकेतल्या बाईंची एक भुवई दुसरीपेक्षा बारीक झाली होती. पार्लरवालीने त्यांची पुन्हा पुन्हा माफी मागितली, दुसरीही तेवढीच बारीक करून दिली, आणि ते करताना आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं. आतून लावलेली कडी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ऑपरेशननंतरच्या त्या दुपारी सासूबाईंनी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं तिने आपल्या मनाने भरलं होतं, सोपं, सुंदर, चांदण्यातलं. आणि हजारो माणसं ते वाचून रडली होती.

पंखा सुरळीत झाला. नवरा बस घेऊन गेला. एक एक करत बायका गेल्या. ऊन अजून दारात होतं. पार्लरवाली केर काढू लागली, तशा सासूबाई बाकावरून उठल्या, खुर्ची चाचपडत आल्या आणि तिच्यात बसल्या.

"माझ्या भुवया कर."

त्यांच्या डाव्या भुवईत मधोमध एक खाच होती, पांढऱ्या व्रणाची. कपाटाचं दार लागलं होतं, असं त्या सांगायच्या. वर्षानुवर्षं सून त्या भुवया करत आली होती आणि शेवटी ती खाच काळ्या पेन्सिलने भरून देत आली होती. कपाटाचं दार नेमकं तिथे कसं लागलं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

तिने नवा दोरा काढला. "आई," ती म्हणाली, "मला तुम्हाला..."

"मला राग आलाय," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "फार राग आलाय. एकीलाच सांगितलं होतं मी. कुणी लिहिलं ते कळायला मला चष्मा लागत नाही."

सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"विचारायचं होतंस गं. लिहायचंच होतं तर विचारायचं होतंस. नीट सांगितलं असतं सगळं. त्यांचं रडणंसुद्धा सांगितलं असतं."

"आई, माझं चुकलं. मी..."

"दोरा दातात धर."

सुनेने दोरा दातात धरला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी डोळ्यावरची सैल कातडी ताणून दिली. उजवी भुवई झाली. डावी अर्धी झाली, आणि दोरा खाचेपाशी येऊन थांबला. तो पुढे जाईना. खालून सासूबाईंचा श्वास तिच्या मनगटावर लागत होता.

"तिथे केस येत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "पुढे चल."