फुगडीला जोडीदारीण

तुमची आतेबहीण अकरा वर्षांची आहे आणि शाळेसाठी माजलगावला माझ्याकडे, आजीकडे राहते, हे तुम्हाला माहीत आहेच. तिला एडीएचडी आहे, म्हणजे तिचं लक्ष एका जागी टिकत नाही आणि अंगही स्वस्थ राहत नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "मैत्रिणी किती गं?" खुर्चीत गोल फिरत ती म्हणाली, "सगळ्याच की! माझ्यावाचून कुणाचं पान हलत न्हाई." नंतर डॉक्टर मला हळूच म्हणाले, आपण इतरांना कशा वाटतो, याचा अशा मुलींना पुष्कळदा अंदाज नसतो. मला ते पटलं.

आमच्याकडे नागपंचमीला मुली देवळापुढे फुगड्या घालतात. दोघींनी मागे झुकून आपला सगळा भार एकमेकींच्या हातांवर टाकायचा असतो. गेल्या पंचमीला ऐन वेगात हिला झोक्यावर कुणीतरी ओळखीचं दिसलं. त्याला हाक मारायच्या नादात हिने हात सोडले. समोरची मुलगी फरशीवर आपटली, तिचा पुढचा दात तुटला. ही तिच्याहून जास्त रडली आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच घरी खेळायला गेली. तिच्या आईने दार लावून घेतलं.

या पंचमीला मी देवळाच्या पायरीवर बसले होते. ही एकेकीपुढे हात करून उभी राहत होती.

"चल की माझ्यासंग."

"माझे हात दुखायलेत."

दुसरी म्हणाली, "नको बाई, मला माझे दात पाहिजेत." सगळ्या खिदळल्या. ही त्यांच्याहून मोठ्याने हसली आणि पुढच्या मुलीकडे गेली.

घरी तिची वेणी सोडताना मी विचारलं, "कशी झाली पंचमी?"

"लई मजा आली, आजी. सगळ्यींसंग खेळले."

"मी पायरीवर होते गं."

एरवी वेणी सोडेपर्यंत ती दहादा मान वळवते. आता अगदी स्तब्ध बसली.

"मंग कावून इचारलंस?"

तेवढ्यात तुमच्या आत्याचा फोन आला. "कुणाकुणाबरोबर खेळलीस?" आत्याने विचारलं. डबा, चप्पल, पाण्याची बाटली, रोज काहीतरी शाळेत विसरून येणाऱ्या या मुलीने हसत हसत नावं सांगितली. ज्या क्रमाने त्या मुलींनी तिला नाही म्हटलं होतं, त्याच क्रमाने. एकही सुटलं नाही.