कवळ्या काय म्हणाल्या

माझ्या धाकट्या भावाला कवळ्या बोलताना ऐकू यायच्या. हे मी आता सरळ लिहितेय, पण तोंडातून काढायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी सगळ्यांना त्याला कावीळ झालीय असं सांगत होते.

आमची कवळ्या बनवायची खोली एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे. काउंटरवर मी, आत टेबलावर तो. त्याच्यासमोर प्लास्टरचे साचे, मेण, पॉलिशचं चाक आणि फळीवर चिठ्ठ्या लावलेल्या चाळीसेक कवळ्या. धंदा वडिलांचा. वडील गेले त्याच वर्षी या चाळीसजणी एका सुरात त्याला म्हणायला लागल्या, "बाप तुझ्यामुळे गेला." त्याने आधी स्वतःच्या कानांत कापूस घातला, मग कवळ्यांच्या तोंडात. तरी थांबेनात, तेव्हा त्याने वरची आणि खालची कवळी दोऱ्याने बांधायला सुरुवात केली. एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी तशीच घरपोच गेली. ही मागणी सुनेनेच केली असणार असं समजून त्यांनी तिच्याशी अबोला धरला. मग मात्र आमच्याही डोक्यात प्रकाश पडला.

चार महिने तो इस्पितळात होता. औषधांनी कवळ्या गप्प झाल्या आणि भाऊही गप्प झाला. तिथल्या सिस्टर दर गुरुवारी सगळ्यांना गोल बसवून आपापली हकिकत सांगायला लावायच्या. नियम एकच, घडलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. घरी आल्यावरही तो गुरुवार चुकवेना, आम्हा घरच्यांना गोल बसवून सांगायचा. तीच हकिकत त्याने एकोणीस वेळा सांगितली. एकोणिसाव्या वेळी मधेच थांबला आणि म्हणाला, "वडील गेले तेव्हा मी त्यांचंच औषध आणायला गेलो होतो. मी पळालो नव्हतो." आम्हा सगळ्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. पण त्याच्यासमोर विषय काढायचा नाही असं ठरवण्याइतके आम्ही शहाणे होतो ना!

मग गडी कामावर परतला आणि गिऱ्हाइकांनाही सांगायला लागला. मी काउंटरखालून त्याच्या पायावर पाय देऊन पाहिला, काही उपयोग झाला नाही. आता दुकान बसणार म्हणून मी कपाळाला हात लावला, तर लोकांची रीघ लागली. प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं, आपली कवळी काय म्हणाली? सगळ्या एकच वाक्य म्हणायच्या, हे ऐकून एक बाई फुरंगटल्या. आपली कवळी चारचौघींसारखी निघावी याचं त्यांना वाईट वाटलं. एकजण तर जावयाची कवळी रुमालात गुंडाळून घेऊन आला, काही आतलं कळलं तर बघा म्हणून. भाऊ प्रत्येकाला शांतपणे सांगायचा, मी आजारी होतो, आवाज माझ्या डोक्यातला होता. लोक मान हलवायचे आणि पुन्हा तेच विचारायचे.

अशात एक आजोबा आले. बायको जाऊन महिना झाला होता. तिची कवळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "दुरुस्तीला होती तेव्हा ती काही बोलली का?"

माझा जीव गलबलला. मी भावाला आत ओढलं आणि दटावलं, सांग की दोन गोड शब्द, म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटेल.

"ताई, आज एक बोलली तर उद्या सगळ्या बोलतील," तो म्हणाला. मी गुमान बाजूला झाले. त्याला पुन्हा त्या फळीसमोर कापूस घेऊन उभा बघायची माझ्यात ताकद नव्हती.

तो बाहेर आला. "आजोबा, कवळी काही बोलली नाही. कवळी बोलत नसते. तुम्हाला कशाची भीती वाटतेय, ते सांगा."

आजोबांनी कवळी परत हातात घेतली. "आदल्या दिवशी मी चिडून म्हटलं, कवळी काढून ठेव, म्हणजे तोंड तरी बंद राहील. तिने काढून ठेवली. सकाळी गेली."

"भांडण कशावरून झालं? पहिल्यापासून सांगा."

"पंख्यावरून," आजोबा म्हणाले. तिला पंखा हवा असायचा, यांना नको असायचा. बेचाळीस वर्षं हेच चाललं होतं. सांगता सांगता त्यांना हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही. ते दीड तास बोलत होते. भावाने चाक बंद करून ठेवलं होतं आणि बाहेर तीन गिऱ्हाइकं बिनदाताची ताटकळत होती. मी त्यांना बसवून ठेवलं.

आजोबा कवळी खिशात घालून गेले. भाऊ फळीसमोर उभा होता. मी भीत भीत विचारलं, काही ऐकू आलं का?

"आलं," तो म्हणाला.

मी फळीवर कुठे कापूस दिसतो का ते बघितलं.

"आजोबांचं," तो म्हणाला आणि त्याने चाक चालू केलं.